शितावरून भाताची परीक्षा धर्मकीर्तीला मान्य नव्हती

बारावीचे किंवा प्रवेशपरीक्षांचे निकाल लागले की लातूरपासून पुण्यापर्यंत चौकाचौकांत शिकवणीवर्गांचे फलक झळकतात. हसऱ्या मुलांचे फोटो, खाली गुण, वर वर्गाचं नाव. फोटो खरे आहेत, गुणही खरे आहेत असं धरून चालू. तरीही तो फलक पाहून पालक जो निष्कर्ष काढतात, की इथे घातलं तर आपल्याही मुलाला यश मिळेल, तो सिद्ध होत नाही. का होत नाही, याचं नेमकं उत्तर सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी दिङ्नाग या बौद्ध आचार्याने नियम घालून देऊन ठेवलं आहे.

दिङ्नागाचं म्हणणं असं. जी गोष्ट सिद्ध करायची तिला साध्य म्हणतात. ती सिद्ध करण्यासाठी तुम्ही जो हेतू, म्हणजे जे कारण, पुढे करता, त्याच्या तीन परीक्षा घ्या. ज्याच्याविषयी बोलणं चाललं आहे त्याला पक्ष म्हणतात. पक्षात तो हेतू खरोखर आहे का, ही पहिली. जिथे साध्य असल्याचं आधीच मान्य आहे अशा इतर ठिकाणी, म्हणजे सपक्षात, तो सापडतो का, ही दुसरी. आणि जिथे साध्य नाही त्या विपक्षात तो मुळीच सापडत नाही ना, ही तिसरी. डोंगरावर आग आहे कारण धूर दिसतो, या जुन्या उदाहरणात तिन्ही परीक्षा पार पडतात. धूर डोंगरावर आहे, स्वयंपाकघरात तो आगीबरोबर दिसलेला आहे, तळ्यावर तो नसतो. समोर दिसतो तो धूर की नुसती वाफ, अशी शंका असेल तर हेतू पहिल्याच परीक्षेत बाद. हा बारकावासुद्धा या ग्रंथांत नोंदलेला आहे.

आता फलकाकडे वळू. साध्य यश, हेतू त्या वर्गात जाणं. यशस्वी मुलांमध्ये वर्गात जाणारी आहेत, म्हणजे दुसरी परीक्षा झाली. तिसरीचं काय? यश न मिळालेल्या मुलांमध्ये त्याच वर्गात जाणारी किती होती, हे फलक सांगत नाही. ती जर असतील तर हेतू विपक्षातही सापडला आणि निकामी झाला. सपक्ष दाखवायचा आणि विपक्ष झाकायचा, एवढ्यावर आपल्याकडचा केवढा तरी सार्वजनिक युक्तिवाद उभा आहे. अमक्या बाबांच्या अंगाऱ्याने गुण आला म्हणून तो अंगारा खरा, अमक्या पक्षाच्या राज्यात रस्ते झाले म्हणून तो पक्ष विकासाचा, आमचे आजोबा तंबाखू खाऊन नव्वदीपर्यंत जगले म्हणून तंबाखूने काही होत नाही. या सगळ्यांत उदाहरणं खरी असू शकतात. तिसरी परीक्षा मात्र कुणीच घेतलेली नसते.

माझं म्हणणं सरळ आहे. बौद्ध न्यायाची, म्हणजे बौद्ध तर्कशास्त्राची, ही शिस्त मराठी शाळा-महाविद्यालयांत शिकवली गेली पाहिजे, आणि ती प्राचीन वारशाचा अभिमान म्हणून नव्हे, रोज वापरायची रीत म्हणून शिकवली पाहिजे.

ही रीत किती नेमकी आहे ते 'हेतुचक्र' या दिङ्नागाच्या छोट्याशा रचनेत दिसतं. हेतू सपक्षात सगळीकडे असेल, कुठेच नसेल किंवा काही ठिकाणी असेल, विपक्षातही तसंच. तीन गुणिले तीन, नऊ शक्यता. त्यांपैकी ग्राह्य दोनच. शब्द अनित्य आहे कारण तो निर्माण केलेला आहे, हा हेतू चालतो. शब्द नित्य आहे कारण तो जाणता येतो, हा चालत नाही, कारण जाणता तर अनित्य वस्तूही येतात. दोन शक्यतांमध्ये हेतू नेमकं उलटच सिद्ध करतो, उरलेल्या पाचांत त्यातून काहीच ठरत नाही. ग्राह्य दोहोंपैकी एका शक्यतेत हेतू सपक्षात फक्त काही ठिकाणी असला तरी पुरतो, याकडे लक्ष द्यायला हवं. तापलेल्या लोखंडी गोळ्यात आग आहे, धूर नाही. म्हणून काही धुरावरून आगीचं अनुमान मोडत नाही. आपल्याकडे वाद घालताना हीच चूक सर्रास होते. 'अमक्याच्या मुलीने शिकवणी न लावता नंबर काढला' असं म्हणून फलकाचं म्हणणं खोडता येत नाही. ते खोडायचं तर शिकवणी लावूनही मागे राहिलेलं मूल दाखवावं लागतं. प्रतिवाद कुठे लागू पडतो आणि कुठे नाही, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारं साधन हाताशी असताना आपण एकमेकांवर भलतीच उदाहरणं फेकत बसतो, याची मला खंत वाटते.

दिङ्नागानंतर साधारण शतकभराने, सातव्या शतकात, धर्मकीर्ती हा बौद्ध आचार्य आला आणि त्याने या परीक्षेतला कच्चा दुवा हेरला. विपक्षात हेतू दिसला नाही, एवढं पुरेसं आहे का? 'प्रमाणवार्त्तिका'त तो म्हणतो, पुरेसं नाही: न चादर्शनमात्रेण विपक्षेऽव्यभिचारिता। सम्भाव्यव्यभिचारत्वात् स्थालीतण्डुलपाकवत्॥ नुसतं न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. अपवाद निघण्याची शक्यता राहतेच, भांड्यातल्या शिजणाऱ्या तांदळासारखी. वरची चार शितं मऊ लागली म्हणून तळाचा भात शिजलाच असेल असं नाही. शितावरून भाताची परीक्षा आपण शहाणपणाची खूण मानतो. सैपाकघरात ती बहुतेक वेळा चालूनही जाते, कारण एका भांड्यात आच आणि पाणी बहुधा सगळ्या दाण्यांना सारखं मिळतं. पण माणसांच्या बाबतीत? एका जातीची दोन माणसं भेटली, एका गावात एकदा फसवणूक झाली, एका धर्माच्या कुणी गुन्हा केला, की अख्ख्या भांड्याचा निकाल लागतो. धर्मकीर्ती त्याच ठिकाणी दुसरंही एक उदाहरण देतो आणि मला ते अधिक मोलाचं वाटतं. हा माणूस बोलतो आहे, म्हणून तो आसक्तीने भरलेला असणार. मी बोलतो तेव्हा माझ्या मनात आसक्ती असते, म्हणून बोलणाऱ्या प्रत्येकाच्या मनात ती असणार! हे अनुमान नव्हे, अनुमानाचा आभास आहे, असं तो बजावतो. आजच्या दूरचित्रवाणीवरच्या चर्चा ऐका. समोरचा काय म्हणाला यापेक्षा तो कुणाच्या सांगण्यावरून म्हणाला यावरच अर्धा वेळ जातो. बोलण्यावरून मन वाचण्याची ही घाई तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी सदोष ठरलेली आहे.

मग भरवसा कशावर ठेवायचा? धर्मकीर्तीचं उत्तर असं की हेतू आणि साध्य यांच्यात खरा बांध, म्हणजे अटळ संबंध, हवा. एक तर दोन्ही मुळात एकच असावीत, जसा शिसव हा वृक्षच असतो. किंवा एक दुसऱ्यापासून उत्पन्न झालेलं असावं, जसा आगीपासून धूर. नुसत्या सोबतीने बांध सिद्ध होत नाही. आकडेवारीच्या या काळात दोन आलेख एकत्र चढताना दाखवून कार्यकारणभाव पटवला जातो, तेव्हा विचारायचा प्रश्न हाच आहे.

न दिसण्याविषयीही त्याचा नियम काटेकोर आहे. एखादी वस्तू दिसण्याच्या सगळ्या अटी पूर्ण असूनही ती दिसली नाही, तरच ती नाही असं म्हणता येतं. समोरच्या जमिनीवर घडा नाही, हे असं सिद्ध होतं. पिशाचाबद्दल मात्र फक्त 'दिसलं नाही' एवढ्यावर 'नाही' असा निर्णय देता येत नाही, कारण ते दिसण्याजोगं असल्याचं कुणी मानलेलंच नाही. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्यांना हे वाचून क्षणभर अडचण वाटेल. मला तर यात त्यांच्या कामाचा पायाच दिसतो. कुणी हातातून अंगारा काढतो, कुणी मंत्राने विषारी सापाचं विष उतरवतो असा दावा करतो, तेव्हा तो दावा दिसणाऱ्या परिणामाचा असतो. म्हणजे पाहण्याच्या अटी ठरवता येतात, त्या पूर्ण करता येतात आणि परिणाम दिसला नाही तर दावा खोटा ठरवता येतो. न दिसणाऱ्या शक्तींविषयी भांडत बसण्यापेक्षा दिसणाऱ्या दाव्याला अटींवर बोलावणं ही महाराष्ट्रातल्या या चळवळीची रीत राहिली आहे, आणि ती धर्मकीर्तीच्या कसोटीवर खरी उतरते.

हे नियम कुठून आले, हे विसरलं की ते कोरडे वाटू लागतात. ते एकमेकांचा धर्मग्रंथ न मानणाऱ्या माणसांच्या समोरासमोरच्या वादातून आले. वैद्यांनी वाद कसा करावा हे चरकसंहितेनेही सांगितलं आहे. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्या पंडितांनी, तर वादाचं पूर्ण शास्त्र रचलं. बौद्धांकडे 'मिलिंदपञ्ह' आहे. यवन राजा मिलिंद चर्चेला बसतो तेव्हा नागसेन त्याला आधी विचारतो, पंडितांसारखं बोलणार की राजांसारखं? पंडितांच्या बोलण्यात गुंता होतो, उकल होते, चूक दाखवली जाते, चूक कबूल केली जाते, आणि कुणी रागावत नाही. राजे एक बाजू धरतात आणि विरोध करणाऱ्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंद पंडितांची रीत कबूल करतो आणि मगच चर्चा सुरू होते.

या समोरासमोरच्या वादातूनच एक महत्त्वाचा नियम आला. हेतू वादी आणि प्रतिवादी या दोघांनाही मान्य असला पाहिजे. धर्मकीर्तीच्या 'न्यायबिंदू'तलं उदाहरण पाहा. झाडं सचेतन आहेत, कारण सगळी साल काढली की ती मरतात, असं जैन म्हणतात. बौद्ध म्हणतो, मरण म्हणजे जाणिवेचा लोप असं मी मानतो, तेव्हा झाडाचं 'मरण' मला अजून मान्यच नाही. तुमचा हेतू माझ्यासाठी असिद्ध आहे. इथे बौद्धांचं म्हणणं बरोबर की जैनांचं, हा वेगळा विषय. पण जे सिद्ध करायचं तेच हेतूत गृहीत धरून समोरच्याच्या माथी मारायचं नाही, हे दोघांनाही बंधनकारक आहे. गटावर आलेला मजकूर पुरावा म्हणून फेकणाऱ्या प्रत्येकाला, तो पुरोगामी असो की परंपरावादी, हा नियम लागू पडतो.

वादात किती ताणायचं यावरही मोठा मतभेद होता. न्यायसूत्रं सांगतात की कोवळ्या रोपाभोवती काटेरी कुंपण घालावं तसं तत्त्वाच्या रक्षणासाठी जल्प आणि वितंडा, म्हणजे जिंकण्यासाठी केलेला वादही, चालतो. धर्मकीर्तीला हे साफ नामंजूर आहे. 'वादन्याय' ग्रंथात तो म्हणतो की सज्जन कपटाने बोलत नाहीत. सत्याचं रक्षण योग्य साधन मांडून आणि खोट्या साधनातला दोष दाखवून होतं. नैयायिकांनी मोजलेली पराभवाची बावीस स्थानं बाजूला सारून तो दोनच ठेवतो. वादी हरतो तो सिद्धतेला लागणारं न बोलल्याने किंवा न लागणारं बोलल्याने. प्रतिवादी हरतो तो खरा दोष न दाखवल्याने किंवा नसलेला दोष दाखवल्याने. काटेरी कुंपणाची बाजू मला समजते. धमक्या आणि झुंडी समोर असताना 'सभ्यपणे बोला' हा उपदेश दुबळ्यांनाच केला जातो, हेही मी जाणतो. तरी अनुभव असा की कुंपण एकदा लावलं की ते वाढत जातं आणि रोपाकडे बघायला कुणाला वेळ उरत नाही. म्हणून मी धर्मकीर्तीच्या बाजूचा आहे.

यावर एक आक्षेप आपल्याकडे हमखास येतो: बुद्धांनी कालाम लोकांना तर्कावरही विसंबू नका असं सांगितलं होतं, मग बौद्ध न्यायाचं एवढं कौतुक कशाला? कालामसुत्तात 'मा तक्कहेतु, मा नयहेतु' हे शब्द आहेत, ते खरंच आहे. पण त्याच दहा गोष्टींच्या यादीत ऐकीव गोष्ट आहे, परंपरा आहे, ग्रंथात लिहिलं असणं आहे, 'हा श्रमण आमचा गुरू' ही भावना आहे, आणि आपल्या मताशी जुळतं म्हणून पटणंही आहे. समाजमाध्यमांवर हे सुत्त 'तुमच्या मनाला पटेल तेच माना' असं फिरतं, तो त्याचा विपर्यास आहे. मनाला पटणं हाच पुरावा नाही, असं सुत्त सांगतं. नुसता तर्क पुरत नाही हे दिङ्नागालाही ठाऊक होतं. म्हणून तर तर्काला वस्तुस्थितीत पाय रोवायला लावणाऱ्या तीन परीक्षा त्याने घातल्या. पुढे शांतरक्षित या बौद्ध आचार्याच्या 'तत्त्वसंग्रहा'त बुद्धांच्या तोंडी वचन येतं की सोनं जसं तापवून, कापून आणि कसोटीवर घासून घेतात तसं माझं वचन पारखून घ्या, आदरापोटी नको.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. हे आचार्य तरी निष्पक्ष कुठे होते? धर्मकीर्तीने याच साधनांनी पुनर्जन्म सिद्ध करण्याचा प्रयत्न केला आणि बुद्धांचं प्रामाण्य प्रस्थापित केलं. त्याचा एक प्रसिद्ध श्लोक तर जहाल आहे: वेदांना प्रमाण मानणं, कुणी कर्ता आहे असं मानणं, स्नानाने पुण्य मिळेल असं वाटणं, जातीचा गर्व बाळगणं आणि पाप जावं म्हणून शरीराला क्लेश देणं, ही बुद्धी नष्ट झालेल्यांच्या जडपणाची पाच चिन्हं. हा वादाच्या धुमश्चक्रीत लिहिलेला श्लोक आहे आणि सगळ्यांना तो आवडणार नाही. मला त्यातलं जातीच्या गर्वाविषयीचं म्हणणं आजही पूर्ण खरं वाटतं; पुनर्जन्माची सिद्धी मला पटलेली नाही. पण ती न पटल्याचं कारण मी त्याच्याच नियमांनी सांगू शकतो, कोणता हेतू कुठे असिद्ध आहे हे बोट ठेवून दाखवू शकतो. विरोधकाच्या हाती आपल्याविरुद्ध वापरता येईल असं शस्त्र देणारी परंपरा मला प्रामाणिक वाटते. उद्योतकर, कुमारिल, वाचस्पती, उदयन या वैदिक परंपरेतल्या विरोधकांनी ते शस्त्र वापरलंही आणि दोन्ही बाजूंचं शास्त्र त्यातून धारदार झालं.

महाराष्ट्राचा या परंपरेशी संबंध नावापुरता नाही. सातव्या शतकात पुलकेशीच्या राज्यात आलेल्या ह्युएन त्संगने डोंगरात खोदलेल्या एका विहाराचं वर्णन केलं आहे. दाराशी दोन्ही बाजूंना दगडी हत्ती, आणि दिङ्नाग इथे वारंवार राहत असे, अशी तिथली आठवण. अभ्यासक हा विहार म्हणजे अजिंठा मानतात. अजिंठ्याला जाणारे आपण चित्रं पाहतो, पद्मपाणीसमोर थांबतो. तिथे कधीकाळी हेतूंची काटेकोर तपासणी चालत असेल हे आपल्याला कुणी सांगत नाही. ज्ञानेश्वरीच्या आरंभी, १२९० साली, षड्दर्शनांच्या भुजा असलेल्या गणेशाच्या हातात मोडका दात आहे: 'एके हातीं दंतु । जो स्वभावता खंडितु । तो बौद्धमतसंकेतु । वार्तिकांचा ॥' वार्तिककारांनी खंडन केलेलं बौद्धमत म्हणजे तो मोडका दात. खंडन झालं असं मानूनही ज्ञानेश्वरांनी त्याला देवाच्या हातात जागा दिली, हे मला फार मोठं वाटतं.

सतराव्या शतकात बहिणाबाईंनी वज्रसूचीचा आधार घेऊन अभंग रचले. वज्रसूची उपनिषद म्हणून आहे, आणि अश्वघोषाच्या नावावर बौद्ध वज्रसूचीही आहे. उपनिषदाची पद्धत पाहा. ब्राह्मण कशाने ठरतो? ज्ञानाने म्हणाल, तर क्षत्रियादींतही ज्ञानी पुष्कळ आहेत. दानधर्माने म्हणाल, तर सोनं दान करणारे क्षत्रियही पुष्कळ आहेत. जन्माने म्हणाल, तर व्यास कोळ्याच्या मुलीच्या पोटी आणि ऋष्यशृंग हरिणीच्या पोटी जन्मलेले. ज्ञान आणि दान हे हेतू तर सरळ विपक्षात दाखवून बाद केले आहेत. हीच तिसरी परीक्षा. एका ब्राह्मण स्त्रीने, तुकोबांना गुरू केल्यामुळे घरचा आणि समाजाचा छळ सोसत, ती मराठी अभंगात आणली. तर्काची शिस्त ही मूठभर पंडितांची चैन, असं म्हणणाऱ्यांनी या अभंगांचा विचार करावा.

भारतात बौद्ध विहार उद्ध्वस्त झाल्यावर हे ग्रंथही हरवले. पण सगळे नाही. 'न्यायबिंदू'ची संस्कृत टीका खंभातच्या जैन मंदिरातल्या ताडपत्रांत सापडली. विरोधी मताचा ग्रंथ जैनांनी शतकानुशतकं जपला. 'प्रमाणवार्त्तिका'ची संस्कृत हस्तलिखितं राहुल सांकृत्यायन यांनी १९३०च्या दशकात तिबेटच्या मठांतून शोधून आणली. तिबेटात ही विद्या जिवंत राहिली, आणि आज ती आपल्या शेजारी आहे. हुबळीजवळच्या मुंडगोडला द्रेपुंग आणि गंदेन या मठांच्या अंगणात भिक्षू टाळी वाजवून प्रश्न टाकतात आणि उत्तर देणाऱ्याला ठरावीक शब्दांतच बोलावं लागतं: मान्य, का?, हेतू असिद्ध, व्याप्ती नाही (म्हणजे जिथे हेतू तिथे साध्य असतंच असं नाही). २०१६ साली वीस भिक्षुणींना तिथे गेशेमा ही सर्वोच्च पदवी मिळाली. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे ६५ लाख बौद्ध आहेत, देशातल्या बौद्धांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक. विहारांत वंदना होते, धम्मवर्ग होतात. तिथल्या मुलामुलींना हेतुचक्र यायला हवं. आणि त्यांनाच का, सगळ्यांनाच यायला हवं.

अकरावी-बारावीला तर्कशास्त्र हा विषय आहे, पण तो घेणारे थोडे. म्हणून मी सुरुवात दुसरीकडे सुचवतो. शाळा-महाविद्यालयांच्या वादविवाद स्पर्धा गावोगाव होतात. परीक्षकांच्या कागदावर उच्चार, हावभाव, आत्मविश्वास, विषयाची मांडणी असे रकाने असतात. कविता म्हटली की टाळ्या आणि गुण दोन्ही मिळतात. त्या कागदावर 'वादन्याया'चे दोन रकाने घाला. सिद्धतेला लागणारं सगळं बोललं का, आणि न लागणारं किती बोललं. समोरच्याचा खरा दोष दाखवला का, आणि नसलेला दोष किती वेळा लावला. प्रत्येक स्पर्धकाला एक मिनिट द्या, फक्त आपल्या हेतूचा विपक्ष स्वतःहून मांडण्यासाठी: माझं म्हणणं कुठे लागू पडणार नाही, कोणतं उदाहरण निघालं तर ते मोडेल. आणि समोरच्याचा मुद्दा बरोबर आहे असं जो भर सभेत कबूल करेल, त्याचे गुण कापू नका, वाढवा.